आबांचा दगड आणि माझं लिंबू

“काढ! काढ ते लिंबू पाण्यातून! आधी काढ, मग बोल!”

आबा एवढ्या जोरानं ओरडले की समोरच्या काठावरचे बगळे उठून पुढच्या गावाला गेले, केळीच्या बागेतल्या मजुरांचे विळे हवेतच थांबले, आणि माझा मोबाईल आपोआप सायलेंटवर गेला. ही शेवटची गोष्ट कुणाला पटत नाही. न पटो. मी तिथं होतो.

आबा म्हणजे माझे सासरे. वय पंचाहत्तरच्या पुढं, गुडघे त्याहून म्हातारे, आवाज मात्र पंचविशीतला. ते आपल्या लाडक्या दगडावर उभे होते. एका हातात बांबूचा गळ, दुसऱ्या हाताचं बोट माझ्यावर रोखलेलं. मी वीस पावलांवर घोटाभर पाण्यात उभा. माझ्या हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला पाण्यावर डुलणारा लिंबाएवढा पिवळाधमक चेंडू. हा चेंडू पाण्याखालचं सगळं टिपतो आणि मोबाईलवर दाखवतो. तळ किती खोल, मासा कुठं, मासा केवढा. शहरात याला काय म्हणतात ते मी आबांना सांगितलंही, पण त्यांनी डोळ्यांनी जे पाहिलं त्यावरच विश्वास ठेवला.

“आबा, लिंबू नाही हे. मासे शोधायचं यंत्र आहे.”

“यंत्र? पिवळं, गोल, पाण्यात फेकलं, आन् तू काठावर उभा राहून तोंडातल्या तोंडात पुटपुटी राह्यला. याले यंत्र म्हणतात का करणी?”

“पुटपुटत नव्हतो आबा. पासवर्ड आठवत होतो.”

सगळा काठ हसला. आबा हसले नाहीत. त्यांच्या पायाखालचा दगड त्या दिवशी पणाला लागला होता.

तो दगड काय आहे हे सांगायला हवं. मुक्ताईनगरच्या पुढं धरणाचा फुगवटा आहे. त्या पाण्याच्या काठावर, हिवराच्या झाडाखाली, एक सपाट काळा दगड आहे. दोन माणसं ऐसपैस बसतील एवढा. होळीनंतरच्या पहिल्या रविवारी सासरवाडीच्या पंचक्रोशीतले गळवाले तिथं जमतात. उजाडल्यापासून दुपारी बारापर्यंत ज्याच्या गळाला सगळ्यात जड मासा लागेल, त्याला तो दगड वर्षभर. बक्षीस एवढंच. कप नाही, हार नाही. बाकीच्यांनी वर्षभर चिखलात, काट्यात, म्हशींच्या वाटेवर जागा शोधायची आणि दगडावरच्या माणसाला जाता-येता रामराम घालायचा. ह्या रामरामासाठी माणसं काय काय करतात म्हणून सांगू! एकानं म्हणे गळाच्या आमिषाला हळदीचा टिळा लावला होता. दुसऱ्यानं आपल्या लग्नाची तारीख पुढं ढकलली. तो अजून बिनलग्नाचा आहे.

तर हा दगड अकरा वर्षं सलग आबांकडं होता. अकरा! आणि त्यांना तो हवाच होता, कारण बाकीच्या सगळ्या जागा उताराच्या, घसरड्या. त्यांच्या गुडघ्यांना तिथं उतरणं जमत नसे. दगड गेला म्हणजे आबांचा रविवार गेला. हे तेही जाणून होते, आम्हीही. म्हणून तर खेळाला मजा होती, आणि म्हणूनच थोडी भीतीही.

माझी कारकीर्द विचाराल तर, तीही अकरा वर्षांचीच. पहिल्या वर्षी माझ्या गळाला एक चप्पल लागली. दुसऱ्या वर्षी दुसरी, त्याच जोडीतली. तिसऱ्या वर्षापासून पाण्यानं मला तेवढंही देणं बंद केलं. माझे साडू धुळ्याचे, बोलणं अहिराणी. ते दर वर्षी दुसरे यायचे आणि दर वर्षी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “साडूभाऊ, तुम्ही उनात म्हनीसन मासायले सुट्टी मियनी.” म्हणजे मी आलो म्हणून माशांना सुट्टी मिळाली. घरी जेवताना हेच वाक्य पुन्हा, वांग्याच्या भरतासोबत. आमच्या सासूबाई, म्हणजे अक्का, माळकरी. त्यामुळं मासा घराच्या फाटकाच्या आतही यायचा नाही. काठावर तोलायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. म्हणजे माशांनाही ह्या स्पर्धेत काही गमवावं लागत नव्हतं. गमावत होतो तो एकटा मी.

शेवटी मी ते लिंबू मागवलं. जळगावात मेहरूणला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तलाव तिथून हाकेच्या अंतरावर. आठवडाभर सकाळी सराव केला. पहिल्या दिवशी फिरायला आलेल्या एका काकूंनी विचारलं, “अंगठी पडली का हो?” दुसऱ्या दिवशी वीस माणसं उभी. तिसऱ्या दिवशी पोहेवाल्यानं गाडी माझ्या मागंच लावली. पडद्यावर मासा म्हणजे काय, नखाएवढी एक कमान दिसते, तरी ती दिसली की लोक टाळ्या वाजवायचे. माझ्या गळाला एकही लागला नाही, पण शनिवारपर्यंत मेहरूणच्या तलावातला प्रत्येक मासा मला चालण्यावरून ओळखू यायला लागला होता. एक तर मला पाहून थांबायचा.

आणि आता आबा म्हणत होते, काढ.

“काहून काढू? नियम कुठं आहे तसा?” मी म्हणालो.

“नियम नई, कारण असं कुनी करन असं कुनाले वाटलंच नई!”

झालं, काठावर सभा भरली. सगळ्यांनी आपापले गळ हाताशी आलेल्या धोंड्यांखाली दाबून ठेवले आणि मधे आले. आबांचं म्हणणं साधं होतं, आणि खरं सांगतो, ते ऐकताना माझीही थोडी पंचाईत झाली.

“पाह्य,” ते म्हणाले, “मासा कुठी हाये हे मले माहीत नसते. मी कुठी हाये हे त्याले माहीत नसते. हा बराबरीचा मामला. आता तू वरून त्याच्या घरात पाह्यतो. त्याले कुठी हाये मोबाईल? त्याले बी एक दे. मग खेळ.”

लोकांनी माना डोलावल्या. मी घाईनं म्हणालो, “आबा, तुमच्या वडिलांच्या गळाला सुताचा दोरा होता. तुम्ही नायलॉनचा तंगूस लावता. तो माशाला दिसत नाही. तेव्हा कुणी म्हणालं का, की अन्याय झाला?”

“तंगूस मासा धरते. दाखवत नई.”

“आणि चष्मा? चष्माही यंत्रच.”

“या चष्म्यानं मले तू सुद्धा नीट दिसत नई, पाण्याखालचं काय दिसन!”

इथं साडूंनी उडी घेतली. त्यांचा हिशोब मला कळत होता. कसंही करून आबा उठले पाहिजेत, मग पुढचं पुढं. “आबा, जमाना बदलना शे. आते बठ्ठा लोके मोबाईल दखीसन पेरनी करतस. मंग मासा का बरं नही?”

वाद नानांकडं गेला. नाना आमचे कायमचे पंच. त्यांनी उभं आयुष्य केळी तोलली. व्यापाऱ्याच्या ट्रकजवळ काटा लावून घड तोलायचे, दांड्याचं वजन वजा करायचं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या शांतपणे खायच्या, हा त्यांचा धंदा. स्पर्धेलाही तोच काटा. नानांनी चेंडू हातात घेतला, वास घेतला, कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाले, “टाकू दे त्याले. पन एक. जे त्याले दिसन ते सगळ्यायले दिसलं पाह्यजे. मोबाईल मधी ठेवा.”

मोबाईल माझ्या मोटारसायकलच्या सीटवर, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला गेला. आणि तिथून पुढं जे झालं त्याला स्पर्धा म्हणणं म्हणजे लग्नाच्या वरातीला पायी प्रवास म्हणणं आहे.

पंधरा गळवाले, आबा सोडले तर एकाचंही लक्ष गळाकडं नाही. सगळे पडद्याभोवती. मी दोरी ओढत चेंडू फिरवतोय, दुसऱ्या हातानं माझी रिळाची काठी सांभाळतोय, आणि मागून समालोचन चालू.

“उना! उना! दखा, मोठा शे!”

“डावीकडं घे हो, डावीकडं!”

“अरे, तो आमिषाजवळ आला. हां. हां. पाह्यते आहे. वास घेते आहे.”

“गया!”

“गेला! तुमच्या पेंडीत मीठ कमी असन.”

मासा आला की सगळे श्वास रोखायचे, गेला की “अरेरे” एवढ्या जोरात व्हायचं की पुढचे चार मासे पडद्याच्या बाहेर पळायचे. तासाभरात आम्ही शंभर मासे पाहिले. शंभर म्हणजे मोजून चाळीस. त्यातल्या एकानंही गळाला तोंड लावलं नाही. एक तर येऊन आमिषाभोवती तीन फेऱ्या मारून गेला, जसं आपण दुकानात पँट बघतो आणि किंमत विचारून परत ठेवतो. मला कळून चुकलं की मासा दिसणं आणि मासा लागणं ह्या दोन गोष्टींमध्ये मासा स्वतः बसलेला असतो, आणि त्याचं मत कुठलंच यंत्र दाखवत नाही. पण हे त्या क्षणी कबूल करण्याइतका मी मोठा माणूस नव्हतो. मी जोरजोरात म्हणत राहिलो, “येतोय, येतोय, हाच तो.”

आबा एकटेच दगडावर. पाठ आमच्याकडं. पडद्याकडं पाहायचं नाही अशी त्यांनी जाहीर शपथ घेतली होती. पण प्रत्येक “उना”ला त्यांचा डावा कान एक इंच मागं यायचा, हे मी पाहिलं.

दहाच्या सुमाराला वारा सुटला आणि माझा चेंडू तरंगत तरंगत आबांच्या दगडासमोर गेला. पडद्यावर तळ सपाट चालला होता. चार मीटर, चार मीटर, चार मीटर. आणि एकदम तळच गायब! सुरीनं कापल्यासारखा सरळ खाली, अरुंद, खोल. आणि त्या खोलीत कमानी. एक, दोन, पाच. एकमेकांवर चढलेल्या, गर्दीच्या एसटीसारख्या.

“मशीन बिघडनं,” साडू म्हणाले.

“खड्डा आहे कसला तरी,” मी म्हणालो. “कुणीतरी वाळू काढली असेल.”

मागून एकदम धक्का बसला. आबा! शपथ, गुडघे, काठी, सगळं दगडावर ठेवून ते खाली आले होते आणि गर्दीत घुसले होते.

“कसला खड्डा? कुनी वाळू काढली? बाजूला व्हा.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल नाकाला लावला. मग त्यांचा चेहरा असा काही झाला की, मी त्यांच्या मुलीला पाहायला गेलो त्या दिवशीही झाला नव्हता. “खड्डा काय म्हणतो रे? आड हाये तो! आमचा आड!”

आता ऐका. धरण झालं तेव्हा जुनं गाव ह्या पाण्याखाली गेलं आणि लोक वर नव्या गावठाणात आले. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण जुनं गाव नेमकं कुठं, हे विचारलं की बाकीचे म्हातारे चार दिशांना चार बोटं करायचे. आबा सोडले तर, ज्यांनी ते गाव नीट पाहिलं ते आता गळ धरत नव्हते. आमच्या वयाच्या लोकांना ते गाव म्हणजे पलीकडं कुठंतरी, एवढंच.

“लिंबू उजवीकडं घे,” आबा म्हणाले. हुकूम! मी घेतलं. “हां. हा वर आलेला भाग दिसते? हा आमचा ओटा. आता थोडं पुढं. हे आडवं हाये ना, ती गोठ्याची भिंत. दगडाची व्हती, म्हणून राह्यली. आता सरळ चल. हळू! गल्ली अरुंद हाये.”

मी हळू चाललो. काठाकाठानं, दोरीनं लिंबू ओढत. आणि आबांनी आम्हाला सगळं गाव फिरवून आणलं.

“हा पार. आठी मी सायकलवरून पडलो व्हतो. हे इकडं शाळा. नई नई, मागं घे, शाळा गेली. हां. आता वळ. अरे, वळ म्हणतो ना, समोर भिंत हाये!”

मी खरंच वळलो. भिंत चार मीटर पाण्याखाली, मी काठावर, तरी तिला धडकू नये म्हणून! मागं सगळे एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या टेकून उभे. एकानं विचारलं, “आबा, आमचं घर कुठी व्हतं?” आबा म्हणाले, “तुमचं अजून पुढं. पन तिकडं कुत्रं व्हतं.” आणि तो माणूस चक्क दोन पावलं मागं सरकला.

आमच्यात सगळ्यात आधी भानावर आले ते साडू.

“थांबा,” ते म्हणाले. “थांबा, थांबा, थांबा. आबा, म्हंजे तुम्ही अकरा वरीस घरना आडमा गळ टाकी राह्यनात! मासा बठ्ठा आडमा, आनि आडनी जागा फक्त तुमलेच मालूम! आनि आमना लिंबूले चोर म्हनतस?”

मग जो गलका झाला! कुणी म्हणालं हा अन्याय. कुणी म्हणालं अकरा वर्षांचे रामराम परत द्या. एकानं तर त्याच्या वडिलांनी घातलेले रामरामही मागितले.

“ते यंत्र नई,” आबा ओरडले. “मी पाणी भरलंय त्या आडावर! ते माझं ध्यानात राह्यलेलं हाये!”

मला माझा क्षण सापडला. “बरोबर आहे आबा. पण माशाच्या कुठं ध्यानात आहे की हा आड आहे? त्यालाही सांगा. मग खेळा.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. एकदा. दोनदा. मग पोट धरून हसायला लागले. इतके हसले की नानांनी त्यांना काटा टेकायला दिला. डोळे पुसत म्हणाले, “घे. दगड कुनाचा ते आता पाहू. बारा वाजायले वेळ हाये. टाका सगळे. आडात टाका. ज्याची हिंमत असन त्यानं.”

हा तो क्षण, जेव्हा शहाण्या माणसांनी विचार केला असता की पंधरा गळ आणि एक आड. आम्ही केला नाही. पंधराही तंगूस एकदम हवेत गेले, आणि जो तो पडद्यावर बघून नेमका त्याच जागी. माझ्या यंत्राचा हा पहिला खरा उपयोग. आजवर पंधरा माणसं पंधरा ठिकाणी चुकायची, आता सगळी एकाच ठिकाणी अचूक चुकली. दोन मिनिटांत पाण्याखाली अशी वेणी पडली की कुठल्याही नवरीनं मागून घ्यावी.

आणि मग ओढ बसली.

“माझ्या गळाला!” मी ओरडलो.

“मना! मना गळले शे!”

“सोडा, माझा हाये!”

पंधराही काठ्या वाकल्या. पंधराही जण मागं झुकले. शपथेवर सांगतो, त्या दिवशी धरणाची पातळी बोटभर खाली गेली. कुणाचा पाय घसरला, तो पुढच्याच्या कमरेला लोंबकळला. पुढच्यानं माझा सदरा धरला. रस्सीखेच सुरू झाली, पण दुसऱ्या टोकाला कोण आहे हे कुणालाच माहीत नाही. बागेतले मजूर धावत आले आणि मागून ओढायला लागले, त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. आबा एका हातानं ओढत होते, दुसऱ्या हातानं हुकूम देत होते: “झटका देऊ नका! कठड्याले लागन!”

पाणी गढूळलं, बुडबुडे आले आणि वर आली एक बादली.

पितळी. हिरवी पडलेली, चिखलानं भरलेली, कडी शाबूत. काठावर ओढून आडवी केली, तर चिखलातून सळसळत बाहेर आली मरळ. सापासारखी लांब, काळीभोर, रागावलेली. भाड्याच्या घरातून सामान बाहेर काढलेल्या माणसासारखी आमच्याकडं बघत होती. दहा किलोची. बरं, सात. नानांच्या काट्यावर साडेतीन भरली, पण नानांनी सवयीनं तिच्या डोक्याचं वजन दांडा म्हणून वजा केलं होतं, हे लक्षात घ्या.

दिवसभरात दुसरं काहीच लागलेलं नव्हतं. म्हणजे ही मरळ ज्याची, त्याचा दगड. पण मरळ कुणाची?

नाना चिखलात मांडी घालून बसले आणि वेणी सोडवायला लागले. अर्धा तास. एकेक तंगूस सुटत गेला तसा एकेक माणूस पडेल चेहऱ्यानं बाजूला झाला. साडूंचा गळ दुसऱ्याच कुणाच्या गळात अडकलेला निघाला, आबांचा साडूंच्या. शेवटी बादलीच्या कडीत एकच आकडा रुतलेला राहिला, आणि त्याचा दोरा सरळ येऊन माझ्या रिळात घुसला.

मी! अकरा वर्षं, दोन चपला, आणि आता मी!

पण एक म्हातारा बादली उलटी करून बघत होता. “अहो नाना, याच्यावर नाव हाये.” चिखल पुसला. कडेला अक्कांच्या वडिलांचं नाव कोरलेलं. लग्नात आंदण आलेली बादली. ती आबांच्या हातून आडात पडली तेव्हा अक्का म्हणे आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

लगेच अर्धा काठ फिरला. “मासा बादलीत व्हता. बादली आबांची. म्हणजे मासा आबांचा!” नानाही डोकं खाजवायला लागले. मी आबांकडं पाहिलं. त्यांनी नुसतं हूं म्हटलं असतं तरी दगड त्यांच्याकडं राहिला असता. मी काही बोललो नसतो. खोटं कशाला बोलू, थोडं बोललो असतो.

आबांनी बादली उचलली. आत पाहिलं. म्हणाले, “बादली मासे धरत नई. गळ जवाईबापूंचा. दगड त्यायचा.”

आणि ते दगडाकडं गेले. त्यांनी आपला डबा उचलला, पंचा घडी केला, आमिषाची पिशवी बादलीत टाकली आणि गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत बांध चढून निघून गेले. नानांनी मरळ पाण्यात सोडली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. मी दगडावर जाऊन बसलो आणि ताबडतोब उठलो. मार्च महिन्यातली दुपार, दगड तव्यासारखा तापलेला. अकरा वर्षं आबा त्यावर कसे बसले ते त्यांनाच ठाऊक. पण लोकांनी रामराम घातला म्हणून मी पुन्हा बसलो, आणि हसत बसलो.

पुढच्या रविवारी आबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी जळगावहून पहाटे निघून दगडावर जाऊन बसायचो. समोर लिंबू, मोबाईलवर आड, आडात मासे गच्च. गळ टाकावासा वाटायचा नाही. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आगंतुक बसल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात अक्कांचा फोन आला.

“जवाईबापू, तुम्ही यायले घेऊन जा बरं.”

“का हो अक्का, काय झालं?”

“काय व्हायचं राह्यलं? दिवसभर माझ्या मागं मागं. भाजीत मीठ किती, चूल कुठी, पोळी कशी. त्या बादलीत पाणी भरतात आन् ओट्यावर तिच्यापुढं बसतात. मी म्हटलं, घासून ठेवा. तर म्हणतात, हात नको लावू.”

मी रविवारी मोटारसायकल घेऊन गेलो. आबा येणार नाही म्हणाले, मग पंचा शोधायला लागले, मग गाडीवर येऊन बसले. काठावर पोचलो. मी त्यांचा हात धरून त्यांना दगडावर नेऊन बसवलं, लिंबू आडावर सोडून मोबाईल त्यांच्या हातात दिला, मी खाली चिखलात उभा राहिलो आणि रात्रभर जागून तयार केलेलं भाषण सुरू केलं.

म्हणालो, “आबा, तुमचंच खरं होतं. माशाला मोबाईल नाही, मग माणसाला का असावा? हा खेळ अंदाजाचा आहे. हे यंत्र म्हणजे अंदाजाचा खून आहे. मी जिंकलो नाही, लिंबू जिंकलं. लिंबाला दगड देता येत नाही. तेव्हा दगड तुमचा, आजपासून, कायमचा. आणि हे लिंबू मी तुमच्या साक्षीनं आत्ता ह्याच पाण्यात दोरीसकट फेकून देतो, पुन्हा काढणार नाही. पुढच्या होळीपासून मी गावातल्या प्रत्येकाकडून वचन घेईन, नियम लिहून घेईन, गरज पडली तर लॅमिनेशन करून झाडाला टांगीन.” पलीकडच्या काठावर दोन म्हशींनी चरायचं थांबवून माझ्याकडं पाहिलं. मी दोरी गोळा केली, लिंबू डोक्यावर उचललं, हात मागं नेला आणि आबांच्या शेवटच्या शब्दाची वाट पाहिली.

आबांनी पडद्यावर थबकलेल्या आडावरून नजर उचलली नाही.

म्हणाले, “चार्जिंग किती हाये?”